संयोगिताचा सत्कार

१८ जून, मंगळवार

शाळा उघडते न उघडते तोच बोलावणं आलं. मी आणि सूनबाई, दीपमाला, दोघी गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी आधी चहा मागवला, तेव्हाच कळलं की बोलणं वाईट निघणार. महसूल खात्यात जन्म काढलाय. नायब तहसीलदार असताना कोणाला नकार द्यायचा असला की मीही चहा मागवत असे.

तक्रार अशी की, माझी नात संयोगिता, आमची संयू, परिपाठाला उभी राहत नाही. बँड वाजायला लागला की कान दाबून खाली बसते. काल रांगेतून पळाली आणि स्वच्छतागृहात जाऊन आतून कडी लावून घेतली. बँड हे भाऊसोंचं वेड. भाऊसो म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांचे वडील फौजेत होते म्हणून कराडातल्या लहान मुलांनी रोज सकाळी पितळी वाद्यांच्या तालावर पाय आपटायचे. बाई म्हणाल्या, मुलगी हुशार आहे, पण इतर पालक विचारतात. काय विचारतात, असं मी म्हटल्यावर त्या इंग्रजीवर गेल्या. त्यांचं पहिलंच वाक्य मी दुरुस्त केलं. माझ्यासारख्या पाचगणीच्या कॉन्व्हेंटमध्ये वाढलेल्या बाईसमोर इंग्रजी झाडताना माणसानं जरा विचार करावा.

घराशी रिक्षातून उतरल्यावर दीपमाला म्हणाली, "आई, त्यांना दुरुस्त करायला नको होतं." म्हणजे चूक त्यांची आणि बोलणी मला.

संयू सात वर्षांची आहे, दुसरीत. ऑटिझम आहे हे निदान झालं तेव्हा वीरधवल, माझा मुलगा, फौजेच्या नोकरीवर पठाणकोटला होता. फोनवर त्यानं एवढंच विचारलं, "बोलेल ना पण?" बोलते. तिला हवं तेव्हा, हवं तेवढं. मला आज्जी म्हणते, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीचा नंबर म्हणते. मला तेवढं पुरतं. शाळेला का पुरू नये?

६ जुलै, शनिवार

संयूला सांगलीला दाखवून आलो. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत पण शिकवतात फार. संयूला आवाज, स्पर्श, वास आपल्यापेक्षा जास्त लागतात म्हणे. कपड्याचं लेबल टोचतं, फोडणीचा वास घशात जातो, आणि नको असताना कोणी धरलं की भाजल्यासारखं होतं. उलट आपणहून जाड गोधडीखाली शिरली की शांत होते. हे सगळं आम्ही घरात पाहतोच. मग मला कळावं म्हणून त्यांनी माझ्या हातात काथ्याचा खरखरीत मोजा घातला, एका कानाशी रेडिओ मोठ्यानं लावला, दुसऱ्या कानाशी त्यांची मदतनीस टाळ्या वाजवत उभी राहिली, आणि म्हणाल्या, आता एक परिच्छेद लिहून काढा.

मी काढला. अक्षरही बिघडू दिलं नाही. त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही फार जिद्दी आहात." ते खरंच आहे.

निघताना दीपमालाला बाजूला घेऊन काहीतरी बोलत होत्या. गाडीत विचारलं तर म्हणाली, गाजावाजा न करता जेवढं होईल तेवढं करा, असं म्हणाल्या. हा सल्ला फी न घेता दिला असेल अशी आशा आहे.

८ ऑगस्ट, गुरुवार

काय सांगितलं होतं मी? संयू आता शाळेत जाते. रडत नाही, बूट फेकत नाही, सकाळी स्वतः दप्तर घेऊन दारात उभी राहते. जुलैत मी शाळेला दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलमांसकट जे पत्र पाठवलं होतं त्याचा हा परिणाम. कायदा दाखवला की माणसं सरळ होतात.

तिच्या वर्गाला नवे शिक्षक आलेत, राजरत्न सर. दीपमाला त्यांचं नाव सारखं घेते. सरांनी तिला भिंतीजवळची जागा दिली, खडू ओला करून वापरतात म्हणजे फळ्यावर करकरत नाही, वगैरे. असेल. पण वरून हुकूम आल्याशिवाय खाली खडूसुद्धा भिजत नाही.

२० सप्टेंबर, शुक्रवार

आज जे पाहिलं ते आधी लिहून काढते.

दीपमालाला ताप आला म्हणून आज संयूला मी घेऊन गेले. हरिबाची नेहमीची रिक्षा. त्यानं शाळेच्या मोठ्या फाटकापुढून रिक्षा तशीच नेली आणि मागच्या बोळात वळवली. मी म्हटलं, कुठे चाललास? तर म्हणतो, "रोज हितंच सोडतो की म्याडम."

मागे एक छोटं लोखंडी दार. आत पोषण आहाराची खोली. शालूबाई, तिथं खिचडी शिजवणारी, दार उघडून उभी. मी पुढे निघाले तर मलाच थांबवते. "आवं म्याडम, जरा दम धरा. बँड संपू द्या. आमी रोज हिकडनंच घेतो तिला."

आणि संयू, माझी नात, तांदळाच्या पोत्यांमधून वाट काढत गेली, तिथल्या स्टीलच्या मोठ्या पिंपाला गाल लावला आणि डोळे मिटून उभी राहिली. हसत होती. भिकाऱ्याच्या पोरासारखी स्वयंपाकघराच्या दारानं आत आलेली आणि हसत होती. तिला काय कळतंय बिचारीला.

बँड थांबल्यावर राजरत्न सर तिला न्यायला आले. हात धरला नाही, नुसते दोन पावलं पुढे उभे राहिले आणि ती मागून चालू लागली. मी त्यांना अडवून विचारलं, हे कोणाच्या परवानगीनं? तरणा मुलगा, आवाज खाली ठेवून बोलतो. म्हणाला, "मॅडम, हे कुठं लिहिलेलं नाही म्हणून चाललंय. लिहिलं की बंद पडेल."

मला म्हणतो हे! जे लिहिलेलं नाही ते घडलेलं नाही, हे मी आयुष्यभर कनिष्ठांना शिकवलं.

दीपमाला अंगात ताप असताना उठून बसली. तिला सगळं माहीत होतं. तिनंच सरांबरोबर बसून ठरवलं होतं. म्हणाली, "ती शाळेत जातेय आई. टिकतेय. अजून काय पाहिजे?"

मी म्हटलं, सन्मान पाहिजे. या घरातली माणसं पिढ्यान्पिढ्या फौजेत छातीवर पदकं लावून गेली. या घरातली मुलगी मागच्या दारानं जाणार नाही.

ती भिंतीकडे तोंड करून झोपली.

२३ सप्टेंबर, सोमवार

शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार दिली, प्रत अध्यक्षांना. मुद्देसूद आणि तारीखवार. मुलीला रोज धान्याच्या खोलीत थांबवणं हा भेदभाव आहे, हे त्यात स्पष्ट लिहिलं. नावं घातली. नावांशिवाय तक्रार म्हणजे नुसती कुरकुर.

दीपमालाला वाचून दाखवणार होते, पण तिनं मिक्सर सुरू केला. संयू घरात असताना ती कधीच मिक्सर लावत नाही, म्हणून लक्षात राहिलं. संयू शाळेत होती.

१४ ऑक्टोबर, सोमवार

भाऊसो घरी आले. स्वतः. पेढ्यांचा पुडा, सोबत मुख्याध्यापिकाबाई आणि दोन माणसं, ज्यांचं काम भाऊसो बोलले की मान हलवणं. "ताईसाहेब, झाली गोष्ट वंगाळ झाली," म्हणाले. "तुमची नात ती आमची नात. आता ती मोठ्या फाटकानंच आत येणार, आणि सगळ्यांच्या देखत." बाईंनी यावेळी इंग्रजी टाळलं. मी त्यांना दुसरा कप घ्यायचा आग्रह केला.

चौकशी झाली म्हणे. राजरत्न सरांना परवानगीशिवाय मुलीला धान्याच्या खोलीत ठेवल्याबद्दल नोटीस दिली आणि दिवाळीनंतर संस्थेच्या दहिवडीच्या शाखेत बदली. मी बदली मागितली नव्हती, चौकशी मागितली होती. बदली हा संस्थेचा अंतर्गत प्रश्न आहे.

संयू आतल्या खोलीत पलंगाखाली होती. भाऊसोंचा आवाज मोठा आहे.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीनंतर शाळा सुरू होऊन आठवडा झाला. आता रोज मोठ्या फाटकानं, पहिल्या रांगेत. संयू जाते, म्हणजे न्यावी लागते. हरिबाची रिक्षा फाटकाशी वळली की सीटखाली घुसते. नव्या वर्गशिक्षिका म्हणतात, सवय होईल. मीही तेच म्हणते. मला पाचगणीला पहिल्यांदा सोडलं तेव्हा मी महिनाभर रोज रात्री रडले होते. पुढे मला घरीच करमेना.

भाजीबाजारात शालूबाई भेटली. मी न विचारताच म्हणाली, "राजरत्न सरास्नी लांब फेकलं वो. त्येंचं कोण हाय संस्थेत, त्येंच्यासाठी बोलायला?" मी मेथीची जुडी पाहत राहिले. आजकाल मेथीत अर्धी माती असते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

निवडणुकीची आचारसंहिता उठली, भाऊसोंना आता कार्यक्रम हवेत. तीन डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन. शाळेच्या पटांगणावर मंडप, आमदार-खासदारांपैकी जो मिळेल तो, आणि संयोगिताचा सत्कार. सगळ्या शाळेसमोर, व्यासपीठावर, शाल, श्रीफळ आणि फेटा.

मान्य करायला हवं, मला भरून आलं. ज्या शाळेनं तिला पोत्यांमागे लपवलं तीच शाळा तिला फेटा बांधणार.

दीपमाला नको म्हणाली. तिला मुळात काहीच जाहीरपणे व्हायला नको असतं. मी काही मूर्ख नाही. भाऊसोंना फोन करून ठणकावून सांगितलं की बँड अजिबात वाजता कामा नये, मुलीला त्रास होतो. ते लगेच तयार झाले. म्हणाले, "बँड कॅन्सल, ताईसाहेब. आपली हलगी आणि तुतारी ठेवू. आपल्या मातीतलं." बरं वाटलं. ऐकून घेतात, फक्त बोलावं लागतं.

दीपमालानं वीरधवलला फोन लावला. स्पीकरवर होता. तो म्हणाला, आईनं एवढी खटपट केलीय, होऊ दे एकदा. दीपमालानं फोन ठेवला आणि संयूच्या केसांतून बोटं फिरवत बसली. संयूला केसांना हात लावलेला फक्त तिचाच चालतो.

४ डिसेंबर, बुधवार

काल लिहिणं झालं नाही. आज लिहिते, म्हणजे जे घडलं ते नीट नोंदवलेलं राहील. बाहेर वाट्टेल ते बोललं जातंय.

खणाचा परकर-पोलका मी शिवून घेतला होता, जरीकाठी. संयूनं घालायला त्रास दिला, पण घातला. आतून मऊ बनियन घालू दे असं दीपमाला म्हणाली, पण त्यानं पोलक्याचा गळा नीट बसेना. व्यासपीठावर सोफ्यावर मी, मध्ये संयू, पलीकडे भाऊसो. दीपमालाला खाली पालकांत बसवलं होतं. मंडपात गर्दी चांगली होती.

फेटेवाला आला. त्यानं पहिला वेढा घेतला तशी संयूनं दोन्ही हात डोक्याकडे नेले. फेटा अर्धवट सुटला असता, सगळ्या शाळेसमोर हसं झालं असतं. म्हणून मी तिचे हात धरून मांडीवर ठेवले. घट्ट धरले, कारण ती जोर लावत होती. ती ओरडली नाही. "एमएच पन्नास, एमएच पन्नास" असं कराडच्या गाड्यांच्या नंबरांचं पालुपद सुरू झालं, भरभर, वर न बघता. मला वाटलं, चला, मन रमवतेय. मी हात सोडले नाहीत. फेटा सुरेख बसला. तेवढ्यात हलगी कडाडली आणि व्यासपीठाच्या अगदी खालून तुतारी फुंकली गेली, वरून पाकळ्या पडल्या, आणि भाऊसोंनी शाल पांघरायला तिच्या खांद्याला हात लावला.

तिनं भाऊसोंचं बोट चावलं. रक्त आलं. ते ओरडले. मग ती सोफ्यावरून खाली पडली, की तिनं स्वतःला खाली टाकलं, मला सांगता येत नाही, कारण तिचे हात तेव्हाही माझ्या हातात होते. ती लाकडी फळ्यांवर डोकं आपटत होती. परकर ओला झाला. समोर सगळ्यांचे मोबाईल वर.

दीपमाला कुठून वर आली ते मी पाहिलं नाही. तिनं माझी बोटं एकेक करून सोडवली. फेटा ओरबाडून फेकला, पोलक्याची बटणं तोडली, आणि संयूवर अशी पालथी पडली की तिचं काही दिसेना. हलगीवाला भांबावून वाजवतच राहिला होता, त्याला कोणीतरी दंडाला धरून थांबवलं.

शाल पायदळी जात होती. ती मी उचलून घडी घातली.

९ डिसेंबर, सोमवार

शाळेत बैठक. चहा आला. मुख्याध्यापिकाबाईंनी मोबाईलवर चित्रफीत दाखवली, जणू मी तिथं नव्हतेच. मुलीचं नाव पटावर राहील, परीक्षेपुरतं यावं, एरवी घरीच अभ्यास करावा. इतर मुलांच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. वर म्हणतात कशा, "मॅडम, ऑगस्ट-सप्टेंबरात तर काही तक्रार नव्हती." भाऊसो आले नाहीत, बोटाला तीन टाके आहेत.

मी सांगून आले, उच्च न्यायालयात जाईन. हलगी कोणाची कल्पना होती हे मी लिहून ठेवलं आहे.

संयू खोलीबाहेर येत नाही. जुन्या बनियनशिवाय अंगावर काही ठेवत नाही. गाडीचा एकही नंबर तिच्या तोंडून ऐकला नाही. आता दीपमालालाही केसांना हात लावू देत नाही. मी पेज घेऊन गेले तर ताट माझ्या हातून घेत नाही, खाली ठेवून मागं सरले की मग घेते. मनावर आघात झालाय तिच्या. त्या शाळेला हे भरून द्यावं लागेल.

१२ जानेवारी, रविवार

दीपमाला गेली. संयूला घेऊन. दहिवडीला.

आठवडाभर आधी सगळं ठरवून आज सकाळी मला सांगितलं. भाड्याची खोली पाहिली आहे, संयूला तिथल्या शाखेत घ्यायला राजरत्न सर तयार आहेत. दोन खोल्यांची शाळा, पोरं थोडी, आणि परिपाठ बसल्या जागी होतो म्हणे. मी म्हटलं, माण तालुक्यात? जिथं माणसं पाण्याच्या टँकरची वाट बघत दिवस काढतात तिथं? कोणाला विचारून? म्हणाली, "वीरधवलना सांगितलंय." विचारलंय नाही, सांगितलंय.

मी पुष्कळ बोलले. या घरानं काय कमी केलं, मी काय कमी केलं. कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या या वयात. तिच्यासाठीच ना?

दीपमाला चप्पल घालता घालता थांबली. रागावलेली नव्हती, ते जास्त लागलं. म्हणाली, "तिच्यासाठीच केलंत आई. माहीत आहे मला. म्हणून तर जाते."

ओसरीवरचा दिवा सकाळ उलटली तरी चालूच होता, तो मी मालवला.

हरिबानं सामान रिक्षात ठेवलं. संयू सीटखाली शिरली नाही. सरळ वर जाऊन बसली.

३० जानेवारी, गुरुवार

वकील म्हणाले, मुलीचं नाव त्याच संस्थेच्या शाखेत हलवलंय, आईनं सही केली आहे, आता दावा कशाचा लावायचा? मी म्हटलं, तत्त्वाचा. ते घड्याळ बघायला लागले.

घर फार शांत आहे. मिक्सर हवा तेव्हा लावता येतो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल दीपमालाला फोन केला, उद्या येते म्हणून. ती म्हणाली, या, पण शाळेच्या मधल्या सुट्टीत या, आणि हळू या. हळू म्हणजे काय? माझं वय काय पळायचं आहे?

एसटीनं गेले. शाळा गावाच्या टोकाला, पलीकडे उघडं रान, मेंढरं चरत होती. माईक नाही, बँड नाही, साधा ध्वजस्तंभ. राजरत्न सरांनी नमस्कार केला, "बसा मॅडम" म्हणाले आणि पुन्हा मुलांकडे वळले. काही लागट बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं. तयारी करून गेले होते.

संयू भिंतीजवळ बसली होती, घोंगडीच्या घडीवर. जिला लेबल टोचतं ती घोंगडीवर! तिनंच निवडली, म्हणे, सरांनी तीन-चार गोष्टी पुढे ठेवल्या होत्या. वहीत मान घालून लिहीत होती. शेजारच्या मुलीनं तिच्याकडे न बघता खोडरबर सरकवलं, हिनं घेतलं. तब्येत बरी वाटली.

मधली सुट्टी झाली. मुलं बाहेर पळाली. दीपमाला दाराशी आली होती. संयूनं मान वर केली आणि मला पाहिलं. उठून उभी राहिली, आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मला कौतुक वाटलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियर आल्या की आम्ही सगळ्या असंच, हात पाठीमागे बांधून, ताठ उभ्या राहत असू. म्हटलं, एवढ्या आडगावात ही शिस्त लावली कोणी? मी दीपमालाला विचारलं, हे कोणी शिकवलं हिला? सगळ्यांसमोर अशीच उभी राहते का?

दीपमाला म्हणाली, "कोणी नाही शिकवलं, आई. आजच केलं."

मी एक पाऊल पुढे टाकलं. संयू एक पाऊल मागे गेली, भिंतीला टेकली. हात तसेच पाठीमागे, भिंत आणि पाठ यांच्यामध्ये दाबलेले. माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, माझ्या हातांकडे बघत होती.

दीपमाला मध्ये पडली नाही.

माझ्या एका हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा होता, पांढऱ्या, बिनवेलचीच्या, तिला चालतात तशा. तो मी खाली ठेवला. पाठ दुखत असताना वाकले. मग उभी राहिले आणि माझेही दोन्ही हात पाठीमागे नेले. का, ते मला लिहिता येत नाही. दुसरं काही सुचलं नाही एवढंच.

ती पळाली नाही. तशाच आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहिलो, सुट्टी संपेपर्यंत.